खंडेनवमीला गेलेला आवाज

१

दसऱ्याच्या दुपारी कुशाबाईचा आवाज दुसऱ्यांदा नाहीसा झाला.

पहिल्यांदा तो दवाखान्यात गेला होता, गळ्याच्या ऑपरेशनात. बाई वाचेल पण बोलणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी नाझियानं तिला निमोण्याच्या एसटी थांब्यासमोरच्या आपल्या दुकानात आणलं, कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं, हातात माईक दिला आणि म्हणाली, "आज्जी, आठवतील तेवढ्या ओव्या म्हणा. मी बसलीये."

कुशाबाईनं आधी माईकला नमस्कार केला. मग डोळे मिटले, आणि समोर जातं आहे असं समजून ती गात राहिली.

घोडनदीच्या काठाला, धुकं उतरलं बाई
मेंढरांच्या पाठीवरी, चांदणं ओलं होई

ते धुकं, ते चांदणं, ती मेंढरं सगळी त्या राखाडी डब्यात जाऊन राहिली. गावातला तो एकच कॉम्प्युटर. साल दोन हजार एक. ऑपरेशन झालं, कुशाबाई मुकी होऊन घरी आली, आणि तिचा नवरा हरिबा रोज दुपारी ज्वारीचं रान सोडून दुकानात यायला लागला. खुर्चीत बसायचा, पटक्यावरूनच हेडफोन चढवायचा आणि म्हणायचा, "लाव गं पोरी." मग त्याचा चेहरा असा निवायचा, की झेरॉक्सला आलेली माणसं आपोआप हळू बोलायची.

दसऱ्याला तो आपट्याची पानं घेऊन आला. चार नाझियाला दिली, चार तिच्या वडलांना, अयुबभाईंना, आणि दोन कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवली. "हे आमच्या म्हातारीला."

हेडफोन चढला. डोळे मिटले. नाझियानं ओव्यांचं फोल्डर उघडलं.

फोल्डर होतं. त्याच्यावरचं नाव होतं. आत काही नव्हतं.

तिनं ते बंद केलं, पुन्हा उघडलं. पांढरं, स्वच्छ, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखं रिकामं. हरिबाचे डोळे अजून मिटलेले होते आणि ओठांवर हसू होतं.

"आज लई वेळ लावती म्हातारी," तो म्हणाला.

२

दौंडला रेल्वेच्या चाळींमागं रतनबाई राहायच्या. कित्येक वर्षं दौंड जंक्शनवर गाड्यांची घोषणा त्यांच्या आवाजात व्हायची. नोकरी सोडल्यावर त्यांनी घराच्या पडवीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. नाझिया तिथंच शिकली होती. पण दौंड-शिरूरकडं त्यांचं नाव क्लासमुळं नव्हतं. कुणाची फाईल हरवली, की लोक रतनबाईंना बोलावत, जसं कुणी हरवलेल्या जनावरासाठी माग काढणाऱ्याला बोलावतं.

नाझियाचा फोन आला तेव्हा त्यांनी रडणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग एवढंच म्हणाल्या, "आत्ता बंद कर ते. काही उघडू नकोस, काही साठवू नकोस. टेबलावरची धूळसुद्धा पुसू नकोस. मी सकाळच्या गाडीनं येते."

सकाळी त्या आल्या. किरकोळ बांधा, सुती पातळ, काखेला पिशवी आणि पिशवीत पितळेचा पानाचा डबा. डब्यात पान-सुपारी नव्हती, फ्लॉप्या होत्या. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्याला बोटही लावलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. कीबोर्डवर हळदीच्या भंडाऱ्याचा पिवळा थर होता, उंबऱ्यावरनं आलेल्या उन्हात तो जास्तच पिवळा दिसत होता.

"हा भंडारा कधीचा?"

"खंडेनवमीचा, मॅडम. परवाचा," नाझिया म्हणाली. "पूजा झाली ना इथं. हरिबा आबा म्हणले, ज्याच्यात म्हातारी राहती त्याची पूजा मी करणार. अब्बा म्हणले, करा की. मग आबा, आज्जी, त्यांचा नातू रुद्र, आम्ही दोघं. एवढेच होतो. मशीन मी चालू केलं, कारण आबा म्हणले, देव जागा पायजे. पण हात कुणी लावला न्हाई. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो."

"पडद्यावर काय दिसत होतं?"

"पडद्यावर तर हारच होता. एवढा मोठा झेंडूचा. पूजा झाल्यावर अब्बांनी मेन बटणानं सगळं बंद केलं. काल दसऱ्याला चालू केलं ते आबांसाठीच."

"म्हणजे परवा मशीन जागं होतं, सगळ्यांसमोर होतं, आणि कुणी शिवलं नाही."

"अल्लाची शपथ."

रतनबाईंनी मान डोलावली. "आता मला तुझी सकाळ सांग."

नाझिया लाजली. 'सकाळ' ही तिची लाडकी गोष्ट होती. रोज कॉम्प्युटर सुरू केल्यावर तीच तीच कामं करायचा तिला कंटाळा यायचा, म्हणून तिनं त्या कामांच्या ओळी एका फाईलीत लिहून ठेवल्या होत्या. कॉम्प्युटर जागा झाला, की काळी खिडकी आपोआप उघडायची आणि त्या ओळी एकामागून एक पार पडायच्या. तेवढ्यात ती दुकान झाडून घ्यायची.

"पहिली ओळ, काल छापलेल्याचे तुकडे साफ कर," ती पाठ म्हणू लागली. "दुसरी, टायपिंगचा प्रोग्राम उघड. तिसरी, विचार, की 'काम' फोल्डरातलं जुनं काम पुसू का? गिऱ्हाईक काम घेऊन गेलं असलं तर मी वाय दाबते, मग ते सगळं पुसतं. राहिलं असलं तर एन. काहीच न्हाई दाबलं तर नुसतं थांबून राहतं."

"आणि ओव्या त्या 'काम' फोल्डरात होत्या?"

"न्हाई! ओव्यांचं घर वेगळं. माझी सकाळ तिकडं पाऊलसुद्धा टाकत न्हाई, मॅडम. पण गावात सगळे म्हणायला लागले, पोरीनं पुसायचं यंत्र बनवलं आन् त्यात म्हातारी गेली."

"काल टोपली बघितलीस?"

"कचऱ्याची? रिकामी होती."

बाहेर शिरूरची एसटी आली, थांबली, गेली.

"माणूस माऊसनं काही पुसतो तेव्हा ते टोपलीत पडतं," त्या हळू म्हणाल्या. "काळ्या खिडकीतला हुकूम पुसतो तेव्हा टोपली मधे येत नाही. एवढ्या ओव्या गेल्या आणि टोपलीत एक नाही. नाझिया, ओव्या पुसल्या त्या तुझ्या सकाळीनंच."

३

नाझिया आत जाऊन रडत बसली. अयुबभाई चहाचे कप घेऊन आले आणि रतनबाईंच्या पुढं असे उभे राहिले, जसे काही फौजदारापुढं.

"रतनताई, एक सांगून टाकतो, म्हंजी मागनं कुणी कान भरायला नको. मी म्हणलो होतो, डिस्क भरलीय, मशीन कासवावानी चालतंय, म्हातारीला कुठंतरी दुसरीकडं बसवा. पण बोलणं येगळं. माणसाचा आवाज कोण पुसतं हो? आमची आई गेली, तिचा आवाज कसा होता, मला आता याद करून पण येत न्हाई."

"पूजेच्या वेळी काही वेगळं घडलं?"

"वेगळं काय? हां, मशीननं आरतीला साथ दिली. टूं टूं, टूं टूं. आमी सगळे हसलो. हरिबामामा म्हणले, बघा, म्हातारी हुंकार देती."

रतनबाईंचा कप ओठांजवळ थांबला. "किती वेळ चाललं ते?"

"आरती सुरू झाल्यापासनं. मधेच गप झालं."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी या खुर्चीत कोण कोण बसलं होतं?"

"नाझिया जेवाय गेली तवा मी बसलो. मंग रुद्र आला. रांजणगावची कंपनीची गाडी त्याला इथंच सोडती. म्हणला, भाई, जरा गेम खेळतो. मी चहा टाकायला मागं गेलो."

रुद्र त्याच वेळी मोटरसायकल घेऊन आला. कंपनीचा निळा शर्ट, डोळ्यावर काळा चष्मा. त्यानं चष्मा काढला नाही.

"मॅडम, माझं नाव घेऊ नका यात," तो बसायच्या आधीच म्हणाला. "मला त्या ओव्यांत इंटरेस्टच न्हाई. मोनिकाचं लगीन हाय दिवाळीनंतर, माझ्या बहिणीचं. मी म्हणलो, डीजे लावू. आबा म्हणतात, म्हातारीच्या ओव्या लावायच्या. मांडवात लोक हसतील. एवढंच बोललोय मी, ते पण सगळ्यांच्या देखत."

"तू कधी ऐकल्यास त्या?"

"एक न्हाई."

"पूजेला होतास ना?"

"व्हतो की. आबांचं काय, दरसाली नवं हत्यार शोधतात पुजायला. मागल्या सालाला माझ्या गाडीच्या टाकीवर कातर ठिवली, अजून चरा हाय, बघा. त्याच्या आधी मोटारपंपाचा नंबर." त्याला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं. "आता जाऊ का? सेकंड शिफ्ट हाय."

"जा. पण मला वाईट वाटतं बाबा. तुझ्या बहिणीच्या हळदीला ते सगळं ऐकायला मिळालं असतं."

"सगळं राहू द्या," रुद्र किक मारता मारता म्हणाला, "ती एक हसलेली ओवी तरी वाचायला पायजे व्हती."

गाडी धुरळा उडवत गेली. रतनबाई आत आल्या. "नाझिया, हसलेली ओवी कोणती गं?"

नाझियानं डोळे पुसले. "गाताना बाहेर एक करडू ओरडलं, मॅडम. आज्जी मधेच फिसकन हसली आन् मग तशीच पुढं गायली. पण ते तुम्हाला कुणी सांगितलं? ती तर मी आन् आबांनीच ऐकलीये."

४

दुपारी रतनबाई कुशाबाईला भेटायला गेल्या. गावात एक कुजबुज होती आणि ती त्यांना खरी-खोटी करून घ्यायची होती. बायका म्हणत, यंत्रानं आवाज ओढून घेतला म्हणून म्हातारी मुकी झाली. मग ज्याचा आवाज ओढला, त्यालाच तो डब्यातून सोडवून परत हवा असणार, नाही का?

घर शेतातच. शेवंतीच्या वाफ्याकडेला कुशाबाई बसली होती, गळ्याला मऊ फडकं गुंडाळलेलं. हरिबा बैल पाण्यावर घेऊन गेला होता. बसायला घोंगडी आली. दोघीजणी शेजारी बसल्या. फुलपाखरं शेवंतीवरून उठत, कुशाबाईच्या पदरावर टेकत आणि परत जात. ऊन असं मऊ होतं, की कुणीतरी ते हातानं पिंजून ठेवलं असावं.

"बाई," रतनबाई म्हणाल्या, "माझाही आवाज एके काळी यंत्रातून निघायचा. फलाटावर लोक तो ऐकून धावायचे. घरी आले, की वाटायचं, आज तिकडंच राहिला का काय."

कुशाबाईनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मग तिचे खांदे हलले. ती हसत होती.

"तुम्हाला तो परत हवा होता का? त्या डब्यातनं?"

कुशाबाईनं मान हलवली. नाही. आपल्या गळ्याला बोट लावलं, आणि तो हात हवेत सोडून दिला: गेला, त्याचं काही नाही. मग दोन्ही पंजे आपल्या कानांवर ठेवले, हेडफोन ठेवतात तसे. डोळे मिटले. चेहऱ्यावर हरिबाचं हसू आणलं, हुबेहूब, त्याच्या पडलेल्या दातासकट. आणि मग डोळे उघडून बैल गेले त्या वाटेकडं बोट केलं.

त्याच्यासाठी ठेवलाय.

रतनबाई उठल्या. कुशाबाईनं त्यांचा पदर धरला, पुन्हा त्या वाटेकडं बोट केलं आणि हात जोडले. रात्रीपासून तो जेवला नाही, एवढं सांगायला तिला शब्दांची गरज नव्हती.

परत येताना रतनबाई बांधावर थांबल्या. सगळे धागे आता त्यांच्या हातात होते. ओव्या त्यांच्या घरातून 'काम' फोल्डरात कुणी नेल्या, ते कळलं होतं. वाय कुणी दाबलं, तेही बहुतेक कळलं होतं. आणि ते कळल्याचाच त्यांना घोर लागला.

५

दुपार कलताच दुकानाचं शटर अर्धं ओढून रतनबाईंनी रुद्रला समोर बसवलं. त्यानं शिफ्ट बुडवली होती. शिफ्टला जायला निघून न्हावऱ्याच्या फाट्यावरून तो परत फिरला होता.

"चष्मा काढ बाबा. न ऐकलेली ओवी हसलेली आहे हे तुला कसं कळलं, ते मी विचारणार नाही. तू ऐकतोस. ऐकून रडतोसही, हा चष्माच सांगतोय. मला एवढंच सांग, त्या दिवशी तू त्या 'काम' फोल्डरात कशाला नेल्यास?"

रुद्रनं चष्मा काढला. डोळे लाल होते.

"सीडी करायची व्हती," तो म्हणाला. "दौंडला सीडी करून देतात ना. मोनिकाच्या हळदीला एकदम लावणार व्हतो. आबांना पण सांगितलं न्हाई. सगळ्यांच्या देखत मीच तर वरडून बसलो व्हतो, डीजे डीजे म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगू? नाझिया कामाच्या फायली दौंडला नेती, म्हणून मी ओव्यांची एकेक कॉपी 'काम'मधी टाकली."

"कशी टाकलीस?"

"माऊसनं वढली आन् टाकली."

नाझियानं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, एकाच डिस्कवर वढली की कॉपी न्हाई होत! ती तिथनं उठते आन् इथं येऊन बसते. आख्खी आज्जी उचलून नेलीस तू!"

"मला काय ठाव! कंपनीत फ्लॉपीवर वढतो, तवा तर दोन्हीकडं दिसतं."

"फ्लॉपी वेगळी, ही वेगळी."

"भांडू नका," रतनबाई म्हणाल्या. "हात वाईट नव्हता, वाट चुकली. पण 'काम' फोल्डरात जाऊन बसल्या तरी ओव्या जिवंत होत्या. खंडेनवमीला नाझियानं मशीन चालू केलं. सकाळीनं आपल्या तीन ओळी म्हटल्या आणि प्रश्न विचारून थांबली. पुसू का? वर हार पडला. प्रश्न कुणाला दिसला नाही. ती तशीच थांबून राहिली असती. वाय कुणीतरी दाबावंच लागलं."

"पण कुणी हात लावलाच न्हाई," अयुबभाई म्हणाले.

"हात नाही. अयुबभाई, ती खिडकी वाय नाहीतर एनच घेते. दुसरं कुठलंही बटण दाबलं गेलं की ओरडते. टूं. आरती चालू असताना तिच्यावर भलतीच बटणं दाबली जात होती, म्हणून ती ओरडत होती. मग कशाच्या तरी भाराखाली वायही दबलं, तिला उत्तर मिळालं, आणि ती गप्प झाली. इकडं या."

त्यांनी दिवा लावून कीबोर्डवर आडवा धरला. पिवळ्या भंडाऱ्यात मधोमध एक जागा होती जिथं भंडारा पडलाच नव्हता. दोन लांब पाती, मागं एक गोल वळण. जसं पाऊस पडून गेल्यावर गाडी उभी होती तेवढीच जमीन कोरडी राहावी. उजव्या पात्याच्या टोकाखाली, अगदी कोरं, काळं, वाय होतं.

रुद्रनं तोंडावर हात ठेवला. त्याला आपल्या गाडीच्या टाकीवरचा चरा आठवला असावा.

"हे आबांना सांगायचं नाही," रतनबाई कुजबुजल्या. "रेल्वेत मी खूप वाईट बातम्या माईकवरून सांगितल्या. ही नाही सांगणार. मशीन बिघडलं म्हणू—"

"ही तर माझी कातर हाय."

शटरखालून वाकून हरिबा केव्हा आत आला होता कुणास ठाऊक. पटका हातात होता. तो दिव्याच्या उजेडात आला आणि त्या रिकाम्या जागेकडं पाहत राहिला. आयुष्यभर त्यानं ती कातर हातात धरून मेंढरांची लोकर उतरवली होती. पुढं मेंढरं गेली, शेती आली, कातर राहिली. दर खंडेनवमीला जे नवं हत्यार घराला जगवतंय त्याच्यावर ती ठेवायची, जुन्यानं नव्याला हात द्यायचा, ही त्याच्या घराची रीत. यंदा घराला कोण जगवतंय, हा विचार करायला त्याला वेळच लागला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "मीच व्हय?"

खोटं रतनबाईंच्या जिभेवर आलं आणि तिथंच विरघळलं.

"मशीननं विचारलं होतं, आबा. पडदा हाराखाली होता. तुम्हाला दिसलंच नाही."

हरिबा खाली बसला. फरशीवरच.

"मंग ती हुंकार देत नव्हती," तो म्हणाला. "नको नको म्हणत व्हती."

६

"आबा, उठा," रतनबाई म्हणाल्या. "मी इथं बुडालेलं बघायला आले नाही. तुमच्या रीतीनं घात केला, पण त्याच रीतीनं वाट राखली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून पूजेनंतर मशीन बंद झालं. त्याच्यावर कुणी काही लिहिलं नाही. पुसलं म्हणजे जळालं असं नसतं. मशीन फाईल पुसतं तेव्हा घर पाडत नाही, दारावरच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर खोडतं आणि म्हणतं, ही जागा आता मोकळी. दुसरं कुणी राहायला येईपर्यंत आतलं सगळं तसंच असतं."

"मग काल मी चालू केलं ते?" नाझियाचा आवाज चिरका झाला. "जागं होताना ते स्वतःचं काहीतरी लिहितंच ना?"

"लिहितं. कुणाच्या घरात लिहिलं, ते आता बघू. आज त्याला जागं करायचंच नाही. झोपेतच बोलतं करायचं."

त्यांनी पानाचा डबा उघडला, एक जुनी फ्लॉपी काढली, फडक्यानं पुसली आणि घातली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण नेहमीचे ढग आले नाहीत, नेहमीची धून वाजली नाही. नुसता काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ, श्वास घेतल्यासारखी लुकलुकत. रतनबाईंनी एक ओळ लिहिली. जुनी, जाणती हत्यारं बोलतात तेवढंच थोडकं त्या फ्लॉपीतलं हत्यार बोललं. पडद्यावर एकेक नाव उगवू लागलं, प्रत्येकाचं पहिलं अक्षर हरवलेलं.

"हे अक्षर त्याला माहीत नाही. ते माणसानं द्यायचं. नाझिया, नावं तू ठेवली होतीस. दे."

नाझिया एकेक अक्षर देत गेली. प्रत्येक अक्षराबरोबर डब्याच्या पोटात बारीक घरघर व्हायची आणि एक ओवी आपल्या घरी परतायची. अयुबभाई मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होते. रुद्र निघून गेला आणि थोड्याच वेळात मोटरसायकलवर मागं आजीला बसवून आला. कुशाबाई हरिबाशेजारी फरशीवर बसली आणि तिनं त्याचा पटका त्याच्या डोक्यावर नीट ठेवला.

शेवटच्या नावापाशी रतनबाई थबकल्या. "ही अर्धीच मिळेल म्हणतंय," त्या म्हणाल्या. "काल जागं होताना मशीननं आपलं काही लिहिलं, ते हिच्याच अंगणात. बाकी सगळ्या आल्या. ही जेवढी आली तेवढी घेऊ."

मग त्यांनी फ्लॉपी काढली, आणि नाझियानं कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू केला. प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या देखत तिनं एन दाबलं. स्पीकर लावला.

आवाज आला. दुकानभर आला, रस्त्यावर गेला.

लेक जाते सासुऱ्याला, मागं वळून पाही
वाटंवरच्या बाभळीला, फुलायचं भान न्हाई

एसटीची वाट पाहणाऱ्या दोन बाया शटरपाशी येऊन वाकल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. कुशाबाई स्वतःला ऐकत होती, मान थोडी कलती करून, शेजारणीची सून गाताना ऐकावी तशी. एका जागी तर तिनं नाक मुरडलं, सूर तिला पसंत पडला नव्हता. हरिबाच्या मिशांमधून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. हसलेली ओवी आली तेव्हा रुद्र मोठ्यानं हसला आणि मग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

शेवटी ती अर्धी ओवी लागली. हळदीची.

हळद दळिते मी, जातं गरगरा फिरं

आणि तिथं आवाज तुटला. बारीक खरखर झाली, मग काहीच नाही. सगळे त्या काहीच नाहीकडं पाहत राहिले. मोनिकाच्या हळदीला हीच तर लागणार होती.

कुशाबाईनं हरिबाला कोपरानं ढोसलं.

"काय?"

तिनं त्याच्या तोंडाकडं बोट केलं.

"मी? गप गं. बायांची ओवी हाय. मला कुठं—"

पुन्हा ढोसलं, या वेळी जोरात.

"रोज ऐकत व्हता की, आबा," नाझिया म्हणाली. तिनं हळूच माईक त्याच्यासमोर सरकवला होता आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबलं होतं.

हरिबानं खाकरून घेतलं. उभ्या जन्मात त्यानं मेंढरांना घातलेल्या शिळेशिवाय काही गायलं नव्हतं. आवाज घोगरा, थरथरता निघाला:

"नातीच्या अंगावरी... पिवळं लुगडं उतरं—"

"आबा!" रुद्र ओरडला. "लुगडं उतरवताय व्हय मांडवात!"

शटरपाशी उभ्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या, अयुबभाईंनी तोंडात रुमाल कोंबला. कुशाबाईनं हरिबाच्या दंडावर फाडकन चापट मारली. मग शटरखालून सांजेचा जो तिरपा पट्टा फरशीवर आला होता, त्यात तिनं आपला पंजा ठेवला. सुरकुतलेला हात उजळून निघाला. तिनं हाताकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"ऊन!" हरिबा म्हणाला. "ऊन गं, ऊन! नातीच्या अंगावरी, ऊन पिवळं उतरं." आणि सगळ्यांकडं वळून, "आता बराबर का?"

कुशाबाईचे खांदे हसण्यानं गदगदत होते. तिनं मान हलवली. नाही. सूर चुकला होता. तिनं एक बोट वर केलं: पुन्हा.

हरिबानं पुन्हा खाकरलं.